पिंकीची भीती आणि आमची वही

आमच्या घरी कुत्रे येईल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले लहानसे घर, पाच माणसे, त्यात वृद्ध आई. पण दीडएक वर्षापूर्वी आमच्या साडूंची बदली सुरतेला झाली आणि त्यांची पांढरी पामेरियन कुत्री पिंकी आमच्या पदरात पडली. वजन साडेपाच किलो. आंघोळ घालून केस ओले झाले की मांजराएवढीच उरते. घरात म्हणाल तर वाघीण! सिलिंडरवाला, इस्त्रीवाला, वर्गणी मागायला आलेले कार्यकर्ते, कोणाचीही गय नाही.

परंतु जिना उतरला की सारा नूर पालटायचा. लांबवर एखादे मोठे कुत्रे दिसले की शेपूट पोटाखाली, अंगाला कापरे, आणि नखे सिमेंटमध्ये रोवून घराकडे ओढ. सहा महिन्यांची असताना जुन्या जागी एका दांडग्या कुत्र्याने तिला मानेला धरून झटकले होते, हे साडूंनी पुढे फोनवर सांगितले. तेव्हापासून हे असेच.

वाचकांपैकी काहींना हसू येईल. माणसांचे प्रश्न थोडे आहेत काय, की कुत्र्याच्या भीतीवर लिहावे? पण ज्यांच्या घरी असे जनावर आहे त्यांना ठाऊक आहे की हा प्रश्न सगळ्या घराचा होतो. पिंकी खाली जाऊन लघवी करीना, मग ती मजल्यावरच्या सामाईक व्हरांड्यात होऊ लागली. शेजाऱ्यांनी आधी गोडीने, नंतर सोसायटीच्या सभेत तक्रार केली. आई म्हणाली, "अरे, गावी नेऊन सोड एखाद्या मळ्यावर." आमचा सातवीतला मुलगा त्या रात्री जेवला नाही. त्यात एका संध्याकाळी समोरून कुत्रे येताना पाहून पिंकीने मागे असा हिसडा दिला की गळ्यातला पट्टा डोक्यावरून निघून आला आणि ती थेट रस्त्यावर धावली. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचली. काहीतरी केलेच पाहिजे, हे त्या दिवशी ठरले.

सल्ला देणाऱ्यांना आपल्याकडे तोटा नाही. एका गृहस्थांनी सांगितले, "घेऊन जा आणि सोडा चार कुत्र्यांमध्ये. एकदा मार खाल्ला की शिकेल." आम्ही स्पष्ट नकार दिला. भित्र्याला भीतीच्या तोंडी देऊन धीट करता येते, ही समजूत आम्ही शाळेत आणि कचेरीतही पाहिली आहे. त्याने माणूस धीट होत नाही, गप्प होतो. कुत्र्याचेही तसेच. मार खाऊन गप्प बसलेले कुत्रे शहाणे झाले असे लोकांना वाटते, पण आतली भीती जिथल्या तिथे असते आणि एखाद्या दिवशी चाव्याच्या रूपाने बाहेर पडते.

वाट दाखवली आमच्या थोरल्या मुलीने. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिने मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेची हकिकत सांगितली. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भ्यायचा. जोन्सबाईंनी त्याला आवडीचा खाऊ देत असतानाच पिंजऱ्यातला ससा खोलीत दूरवर ठेवला, आणि पुढे हळूहळू जवळ आणला. मुलाचे खाणे थांबणार नाही इतपतच जवळ. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. ही गोष्ट 1924 साली प्रसिद्ध झाली. "पप्पा, पिंकीला हेच लागू होईल," मुलगी म्हणाली. "फक्त सशाच्या जागी लॅब्रेडोर."

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. मानसशास्त्र आम्हाला कळो न कळो, हिशेब कळतो. शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, समोरचे कुत्रे, अंतर पावलांत, खाल्ले की नाही, शेरा. गळ्यातला पट्टा बाद करून छातीभोवती बसणारा आणला. तो निसटत नाही आणि ओढला तरी गळा आवळत नाही. उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे डबीत भरले. हा खाऊ घरात मिळायचा नाही, फक्त मोठे कुत्रे दिसले तरच. घरातील मंडळी म्हणाली, "आमच्या ताटात रविवारी, आणि हिच्या डबीत रोज!"

पहिले काम होते अंतर शोधणे. पिंकीला मोठे कुत्रे दिसते आहे, कान त्याच्याकडे आहेत, पण तोंडासमोर धरलेला तुकडा ती खाते आहे, असे अंतर. ते निघाले चाळीस पावले. पस्तीसवर ती तुकडा हुंगायची आणि तोंड फिरवायची. सगळी मेख इथेच आहे. भ्यालेले जनावर खात नाही. खाणे थांबले म्हणजे आपण फार जवळ आलो, मुकाट्याने मागे फिरावे. खाण्याच्याही आधी काही खुणा दिसतात: जीभ वारंवार नाकावरून फिरवणे, झोप नसताना जांभई, कान मागे पाडणे, एक पाय उचलून थिजून उभे राहणे. आम्ही आधी जांभईला कंटाळा समजत होतो. मुलीने सांगितल्यावर पाहू लागलो तर प्रत्येक जांभईपुढे अंतर कमी झालेले दिसे.

क्रमही महत्त्वाचा. कुत्रे आधी दिसले पाहिजे आणि तुकडा नंतर आला पाहिजे. कुत्रे नजरेआड गेले की डबी बंद. रशियाच्या पावलॉव्हने घंटा आणि अन्न यांची सांगड घालून जे दाखवले त्यातलाच हा प्रकार. उलटे केले, म्हणजे डबी आधी वाजवली, तर जनावराला डबीचाच संशय येऊ लागतो की आता काहीतरी भयंकर येणार. रोज दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही.

पहिल्या तीन आठवड्यांत वहीत चाळीसचे अडतीस झाले. आई चिडवायची, "बाबा, या हिशेबाने मी मेल्यावर तुझी कुत्री खाली उतरेल." पण चौथ्या आठवड्यात एक निराळी नोंद झाली. मोठे कुत्रे दिसताच पिंकीने घराकडे न पाहता आमच्या खिशाकडे पाहिले. त्या शेऱ्याखाली मुलाने लाल शाईने दोन रेघा मारल्या. त्यानंतर अंतर भराभर उतरले: तीस, बावीस, पंधरा. मध्ये एकदा फटाक्यांच्या रात्रीनंतर पुन्हा तीसवर गेले, त्याला इलाज नव्हता. तिथून पुन्हा सुरुवात केली.

पुढच्या टप्प्याला मात्र सभ्य कुत्रे लागते. आमच्या नशिबाने मागच्या इमारतीत बेस्टमधून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका राहतात. त्यांचा म्हातारा लॅब्रेडोर जगावर रागवायचे केव्हाच विसरला आहे. काकांना विनंती केली. ते म्हणाले, "न्या हो, त्यालाही फिरायला सोबत होईल." आम्ही दोन्ही कुत्र्यांना समोरासमोर आणले नाही. कुत्र्यांच्या जगात सरळ अंगावर चालून येणे हा उद्धटपणा असतो, ती आपसात वळसा घेऊन येतात. म्हणून मैदानाच्या कडेने दोघांना एकाच दिशेने, पंधरा पावलांचे अंतर ठेवून चालवले. चालता चालता रोज पाऊलभर अंतर कमी केले. लॅब्रेडोर पुढे गेल्यावर पिंकीला त्याच्या मागची जमीन हुंगू दिली. अकराव्या दिवशी तिने स्वतःहून पुढे होऊन त्याचे शेपूट हुंगले. आम्ही मनात तीन मोजले आणि तिला हाक मारून बाजूला घेतले. पहिली भेट तीन सेकंदांचीच बरी, लांबली की गडबड होते. काका पाठ करून उभे होते. त्यांचे डोळे पाणावले होते की ऊन लागत होते, ते आम्ही विचारले नाही.

उचलून घेण्याबद्दल पुष्कळजण विचारतात. घाबरल्यावर लाड केले तर भीती वाढते, असे ऐकवतात. आमचा अनुभव तसा नाही. भीती ही काही बक्षिसासाठी केलेली नक्कल नव्हे. ती पायाशी आली तर आम्ही तिला कुरवाळतो. संकट खरे असेल तर सरळ उचलतो आणि पाठ फिरवून चालू लागतो, पळत नाही.

संकट खरे असते, कारण गल्लीतली मोकाट कुत्री लॅब्रेडोरसारखी फिरायला निघालेली नसतात, ती आपली हद्द राखत असतात. तिथे डबी आणि वही चालत नाही. कचऱ्याच्या डब्यापाशी खाणे पडण्याची वेळ टाळतो, रस्ता बदलतो, छत्री हातात ठेवतो. कानाचा कोपरा कापलेला असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण झालेले असते, हे पाहून ठेवावे. तरीही पिंकीची रेबीजची लस आम्ही चुकवीत नाही. माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नये. आमच्या वस्तीत अजूनही लावतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

सध्या पिंकी दिवसातून तीनदा खाली जाते. व्हरांडा कोरडा आहे आणि तक्रार करणाऱ्या शेजारीणबाई तिला बिस्किट देतात. आई गावी सोडण्याची गोष्ट काढत नाही, उलट संध्याकाळी डबी कोणी भरली याची चौकशी करते. चहाच्या टपरीपाशी बसणारे एक काळे कुत्रे मात्र अजून जमलेले नाही. त्याच्यापुढे वहीत आजही अठरा पावले लिहिलेली आहेत. त्या टपरीवर आम्ही एकटेच जातो.