पेण-रोह्याचा उजेड

कोंकणांत हिंडावयास येणारा मनुष्य बहुधा समुद्रासाठीं येतो. पेण आणि रोहें हीं गांवें त्याच्या वाटेवर लागतात. तो पोहे-पापड विकत घेतो व पुढें जातो. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, ज्यास उजेड पाहावयाचा आहे त्यानें येथेंच चार दिवस थांबावें.

येथें सूर्य सह्याद्रीच्या आडून वर येतो, म्हणून ऊन अंमळ उशिरानेंच शेतांत उतरतें. आषाढांत खारेपाटांतील खाचरें भरलीं म्हणजे आभाळ दोन ठिकाणीं दिसूं लागतें. एक माथ्यावर आणि एक बांधांच्या चौकटींत. हवेंत बाष्प असल्यामुळें दूरचे डोंगर निळसर व मऊ भासतात. देशावरील कोरड्या हवेंतला तो रेखीवपणा त्यांस नसतो. कुंडलिकेंत भिऱ्याच्या वीजघराचें पाणी येत असल्यानें ती वैशाखांतहि वाहती असते, आणि करपलेल्या माळांमध्यें तिची चकाकी डोळ्यांस निववितें.

हा ओला उजेड जलरंगांत विशेष खुलतो. पारदर्शक जलरंगांत कोरा राखलेला कागद हाच प्रकाश. एकदां गडद झालेला भाग पुन्हां उजळतां येणें कठीण. म्हणून ऊन कोठें सोडावयाचें हें चित्रकारास आरंभींच ठरवावें लागतें. सावंतवाडीस १८८२ सालीं जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर या विद्येंत निष्णात होते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत त्यांचें हातीं दिवा घेतलेल्या तरुणीचें जलरंगचित्र आहे. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारी लाली पाहून मनुष्य थक्क होतो. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनीं रंकाळ्याचे कांठ व कोटितीर्थाचा परिसर पुन्हां पुन्हां रंगविला. जवळचेंच पाणी, परंतु प्रत्येक प्रहरीं निराळें!

मग आमच्या जिल्ह्यास असा कोणी लाभला नाहीं काय? लाभला, पण त्यानें पुढें कुंचल्याऐवजीं छिन्नी धरिली. अलिबागेजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनीं लहानपणीं गांवच्या देवळाच्या भिंतीवर शिवछत्रपतींचें चित्र काढिलें होतें. तें तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांच्या साह्यानें हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेला. पुण्यांतील १९२८ सालचा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. तथापि सासवण्याच्या संग्रहालयांतील कोळीण आणि म्हैस पाहिली म्हणजे ध्यानांत येतें कीं, त्यांच्या दृष्टीनें गांव कधींच सोडला नव्हता.

या गोष्टींत एक शल्य आहे. तें देऊळ गांवाचें, ती भिंत गांवाची, मुलगाहि गांवाचाच. परंतु त्याचें मोल ओळखावयास साता समुद्रांपलीकडचा अधिकारी यावा लागला. आमच्या आळींतील एक मुलगा गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करतो. हात असा स्थिर कीं, पाहणाऱ्यानें श्वास रोखून धरावा. फावल्या वेळीं तो वहींत बांध, उघाड्या, खाडीवरचे बगळे काढीत असतो. वडील म्हणतात, "चित्रांनीं का पोट भरतें?" त्यांचा प्रश्न खोटा नाहीं, आणि त्याचें उत्तर आमच्यापाशीं तयारहि नाहीं. परंतु तो प्रश्न वही उघडून पाहण्यापूर्वींच विचारला जातो, याचें आम्हांस दुःख होतें.

धाटावास कारखाने झाले, खारेपाटांतील कित्येक खाचरें भरावाखालीं गेलीं. चरितार्थासाठीं बदल होणारच. त्यास आमची ना नाहीं. पण भरलेल्या खाचरांत आभाळ उतरत नाहीं. तें कसें उतरत असे हें उद्यां नातवंडांस सांगावयास शब्द अपुरे पडतील; तेथें एखादें चित्रच उपयोगीं पडेल. यासाठीं वाचक बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती कीं, घरांत ज्या मुलाच्या वहीच्या कडा चित्रांनीं भरल्या असतील त्यास रागावण्यापूर्वीं ती वही दिव्याजवळ नेऊन एकदां नीट पाहावी.