गावाला कोण, कामाला कोण

सकाळी महाडच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की या तालुक्याचा संसार कसा चालतो ते दिसतं. मुक्कामी गाड्या वाड्या-कोंडांवरून भरून येतात. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, तहसीलला दाखल्यासाठी निघालेला म्हातारा, कॉलेजची पोरं. तिशीचा गडी मात्र हाताच्या बोटांवर मोजावा. तो दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला असतो आणि शिमग्याला, गणपतीला उगवतो. त्याच वेळी बिरवाडीच्या एमआयडीसीतून रात्रपाळी सुटलेली असते. तिथल्या चहाच्या टपरीवर भोजपुरी ऐकू येते, ओडिया ऐकू येते.

घराजवळ रसायनांचे कारखाने उभे असताना इथला पोरगा मुंबई का गाठतो? एक कारण जुनं आहे. आजा गिरणीत होता, गावकीची खोली होती, वळकटी पसरायला जागा होती आणि नोकरीला चिकटवणारा भाऊबंद होता. वाट तेव्हाच पडली. दुसरं कारण ठेकेदार खासगीत सांगतात. लावणीला रजा, पालखीला रजा, चुलत्याच्या बाराव्याला रजा मागणारा माणूस त्यांना नको असतो. बिहारचा माणूस वर्षातून एकदा छठला गावी जातो, एरवी पाळी सोडत नाही. गाव जवळ असणं हीच इथल्या पोराची नोकरीतली खोट ठरते, याचं मला फार वाईट वाटतं.

सरमिसळ महाडला नवी नाही. खाडीच्या भरतीवर गलबतं इथवर येत तेव्हापासूनची ही पेठ. मारवाड्याचं कापडदुकान, गुजराती किराणा, आखातातल्या पगारावर उभी राहिलेली कोकणी मुसलमानांची घरं, चामड्याचं काम करणारी आळी. कातकरी मात्र या पेठेत पाहुणाच. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेऊन तो कुटुंबासकट वीटभट्टीवर जातो, तो मिरगाच्या तोंडावर परततो. त्याच्या पोरांची शाळा त्यातच सुटते.

शेजारी राहणं आणि एका पाणवठ्यावर येणं यांत केवढं अंतर असतं, ते याच गावानं १९२७ साली दाखवलं. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं आधीच केला होता, पण अस्पृश्यांना पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसं तळ्यावर गेली. या घडामोडीमागे राबणारे रामचंद्र बाबाजी मोरे जवळच्याच लाडवलीचे. पुढे ते मुंबईत कामगार चळवळीत गेले. मुंबईची कमाई घरी फक्त मनिऑर्डर पाठवत नव्हती, मान वर करायचं बळही पाठवत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरायची होती; तिला कुणी जागा देईना, तेव्हा ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तळ्यावरच्या हक्काचा खटला मात्र १९३७ पर्यंत कोर्टात रेंगाळला.

मग २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आणि त्याच दुपारी तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. ८० हून अधिक माणसं गेली. महाडच बुडालेलं, रस्ते तुटलेले. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. कामानिमित्त बाहेर असलेले वाचले. ज्या चाकरीला आयांनी आयुष्यभर बोल लावले, तिनंच काहींचे लेक राखले, आणि त्या लेकांना यावं लागलं ते ओळख पटवायला. पुढे म्हाडानं घरं बांधली. पक्की आहेत, पण रोजगार घरासोबत बांधून मिळत नाही. तळीयेचा पोरगा पुन्हा मुंबईची गाडी धरतो, त्यात नवल काय!

पूर ओसरल्यावर महाडच्या गल्ल्यांत चिखल आणि कुजलेलं धान्य साचलं होतं. तो उपसायला ठाणे, नवी मुंबई महापालिकांनी आपले सफाई कामगार धाडले. गमबूट घातलेली ती माणसं दुकानांतून, घरांतून, थेट माजघरापर्यंत गेली. कुणाला कुठवर येऊ द्यायचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. त्यांत महाड-पोलादपूरकडचेही काही असणारच. मुंबई-ठाण्याच्या कुठल्या खात्यात आमची माणसं नाहीत?