उजवा हात, एक पाय

काल भाचीच्या बाळाला बघायला गेले होते. जेमतेम एक दिवसाचं पिल्लू! सिस्टरने त्याच्या उजव्या हाताला आणि मग पायाला लाल दिव्याची पट्टी लावली. ९८, ९७. दोन्ही आकडे ९५ किंवा वर, फरक ३ पर्यंत, की पास. सुई नाही, काही नाही. (हृदयाचे सगळेच दोष यात सापडत नाहीत म्हणा.)

माझ्या आधीचा भाऊ १९६४ साली पाचवी पुजल्यावर निळा पडला आणि गेला. जन्मतः उघडी असलेली एक रक्तवाहिनी काही दिवसांत मिटते, तोवर दोष झाकलेला राहू शकतो. तसंच असावं, असं एका डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं. तोपर्यंत आई स्वतःच्या दुधालाच बोल लावत राहिली.

रात्री तिला फोनवर आकडे सांगितले. तिने दोनदा विचारलं, "पायाचा किती म्हणालीस?"