पुढच्या गोळीची तजवीज

स्पर्धेच्या पिस्तुलात किती ताकदीची रिकॉइल स्प्रिंग बसवावी, हा प्रश्न ज्याने आयुष्यात कधी चाप ओढला नाही त्याला यःकश्चित वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी येथे, जिथे १९०७ सालापासून नेमबाजीचे राष्ट्रीय सामने भरत आले आहेत, तिथे एका हाताने पिस्तूल पेलून पन्नास यार्डांवरील कृष्णवर्तुळाचा वेध घेणारी मंडळी या प्रश्नाचा ज्या निष्ठेने काथ्याकूट करतात, ती पाहता एका पोलादी वेटोळ्यात माणसाचे चित्त किती गुंतू शकते याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. जॉन ब्राउनिंगने सिद्ध केलेले आणि १९११ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेले .४५ चे पिस्तूल आजही त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती असते. पाच इंची नळीच्या त्या पिस्तुलाला १६ रत्तलांची स्प्रिंग, हा मूळचा रिवाज. मात्र हा आकडा एकाच क्षणापुरता खरा आहे: नळीवरून मागेपुढे सरकणारी स्लाइड पार मागे गेली असता स्प्रिंग तिला किती जोराने पुढे रेटते, एवढेच तो सांगतो, स्लाइड मिटलेली असताना तीच स्प्रिंग पुष्कळ सौम्य असते.

आणि तिचा अधिकार तरी किती? घोडा पडतो, दारू पेट घेते, आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंत एकमेकींत गुंतलेली नळी आणि स्लाइड तसूभरसुद्धा मागे आलेली नसतात. त्यामुळे ज्या गोळीसाठी एवढा खटाटोप, तिच्या नशिबावर स्प्रिंगचा अंमल जवळजवळ चालतच नाही. तिचे कार्य सुरू होते ते गोळी निघून गेल्यानंतर. स्लाइड मागे धावते, रिकामी पुंगळी बाहेर भिरकावते, घोडा पुन्हा चढवते, आणि स्प्रिंग तिला परत आणते तेव्हा मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारले जाते. दहा मिनिटांत दहा बार काढणाऱ्याला या येरझारेचे फारसे सोयरसुतक नसते. दहा सेकंदांत पाच बार काढावे लागतात तेव्हा मात्र पुढचा बार सर्वस्वी या परतीवर अवलंबून राहतो.

प्रत्याघात कोणतीही स्प्रिंग माफ करीत नाही. शेतसाऱ्याची रक्कम कायम ठेवून मामलेदाराने केवळ हप्ते बांधून द्यावेत, तसा तिचा व्यवहार आहे. ती हलकी असेल तर स्लाइड सुसाट मागे येऊन सांगाड्यावर आदळते, सारी वसुली एकदम होते आणि नळीचे तोंड उसळते. जड असेल तर मागचा धक्का मवाळ होतो खरा, पण थकबाकी परतीच्या वेळी चुकवावी लागते, स्लाइड धाडकन मिटते आणि नळीच्या टोकावरील माशी लक्ष्याच्याही खाली बुडी मारते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अशी एक स्प्रिंग असते की उसळलेली माशी, हाताने वेगळे काही न करता, जिथून उठली तिथेच येऊन बसते. ती सापडावी म्हणून नेमबाज एकेका रत्तलाने चढउतार करीत राहतो. पुंगळ्यांची कैफियतही तो ऐकतो: पायाशीच पडल्या तर स्प्रिंग जड, फार दूर गेल्या तर हलकी. साक्ष उपयोगाची, पण निर्णायक नव्हे, कारण पुंगळी फेकणाऱ्या इजेक्टरची ठेवणही तीत ढवळाढवळ करते.

काडतूस सोडून स्प्रिंगचा विचार करणे तर अगदीच व्यर्थ. कागदाला स्वच्छ वाटोळे भोक पाडणारी, कडेला धार असलेली १८५ ग्रेनची गोळी बेताच्या दारूवर सोडणारा १२-१३ रत्तलांपर्यंत उतरतो. २३० ग्रेनची लष्करी गोळी वापरणाऱ्याने तसे केले तर तो सांगाड्याचा छळ होय. १९७६ साली मिसूरीतील कोलंबिया येथे स्थापन झालेल्या आयपीएससी या नेमबाजी संघटनेच्या धावपळीच्या स्पर्धांत काडतुसाच्या जोराचाच हिशेब मांडतात: गोळीचे ग्रेनमधील वजन आणि दर सेकंदाचा फुटांमधील वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागून निदान १२५ यावे लागतात. ९ मिलिमीटरची १४७ ग्रेनची गोळी ८८० फुटांच्या वेगाने गेली की १२९ भरतात, मर्यादा बेताने ओलांडली जाते, आणि अशा मवाळ काडतुसांपायी हलक्या स्प्रिंगांचा सोस सुरू होतो.

या सोसाविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ग्लॉक पिस्तुलात चाप ओढला जात असताना काडतुसावर आघात करणाऱ्या आतल्या स्ट्रायकरची स्प्रिंग रिकॉइल स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावीत असते. रिकॉइल स्प्रिंग अतिहलकी केली तर स्लाइड पुरती मिटून राहील याची हमी उरत नाही, काजळी साचलेल्या पिस्तुलात तर नाहीच नाही. म्हणून जाणकार मंडळी पिस्तूल रिकामे असल्याची खातरजमा करून ते आभाळाकडे रोखतात, चाप दाबून धरतात आणि मागे ओढलेली स्लाइड हलकेच पुढे सोडतात. ती आपल्या बळावर मिटली नाही तर ती स्प्रिंग, हाताला कितीही सुखद लागो, बाद करावी. आणि या परीक्षेत उतरलेली स्प्रिंगही चिरंजीव नसते. हजारो बारांनी ती आखूड होते, पाकिटावरचा आकडा तसाच राहतो आणि ताकद ओसरते. नवी स्प्रिंग शेजारी ठेवून लांबी ताडावी, उणी भरली की बिनतक्रार बदलावी. साऱ्या पिस्तुलातील स्वस्तात स्वस्त भागांपैकी ही एक असूनही, दारूगोळ्यावर मुक्तहस्ते खर्च करणारा नेमबाज तिच्यासाठी खिशात हात घालताना का कचरतो, हे कोडे मला उलगडलेले नाही.