साखर हलेना, मीठ थांबेना!

टीडीएस मीटर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं एकूण सगळं, मोजतच नाही! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. आरओवाला तो पेनासारखा मीटर ग्लासात बुडवून आकडा सांगतो ना, तेव्हा मीटरने फक्त पाण्यातून किती वीज जाते ते पाहिलेलं असतं. त्या मापाला 0.5 ते 0.7 च्या दरम्यानच्या ठरावीक आकड्याने गुणलं, की झाला टीडीएस! मग मी सरळ मायक्रोसीमेन्स दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटरच मागवला.

बंगळुरूच्या इंदिरानगरात आमच्या घरी दोन पाणी येतात. कावेरीचं 100 किलोमीटरवरून, पंपांनी चढवत आणलेलं. आणि बोअरचं, लालबागच्या टेकडीत दिसतो तसल्याच नाईस खडकाच्या भेगांत मुरलेलं. दिसायला दोन्ही सारखीच नितळ. मीटर बुडवला, तर बोअरचा आकडा कावेरीच्या कितीतरी वर!

खरी गंमत पुढेच. आरओच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवली. आकडा जागचा हलेना! दुसऱ्या ग्लासात खड्याच्या मिठाचे चार बारीक कण टाकून ढवळले, तर आकडा दहांतून शेकड्यांत, डोळ्यांदेखत! साखरेचा रेणू अख्खाच राहतो. मिठातले सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात, आणि वीज वाहून नेतात ते हेच आयन.

आणि मीटरच्या पोटात काय डोकं लढवलंय! वीज एकाच दिशेने सोडली तर इलेक्ट्रोडपाशी आयन साचून मोजमाप बिघडतं, म्हणून ती सतत उलटसुलट करायची. एकोणिसाव्या शतकात जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी हेच केलं.

तापमान एक अंश चढलं की आकडा साधारण दोन टक्के चढतो. प्रयोगशाळेत नमुना 25 अंशांवर ठेवता येतो. पण हलसूर तलावाच्या काठावर मोजताना मीटरलाच तापमानाचा हिशोब करावा लागतो. घरून निघण्याआधी मीटर 1413 मायक्रोसीमेन्सच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात लावून घ्यायचा, तिथे पोचल्यावर तलावाच्याच पाण्याने विसळायचा, आणि टिचकी मारून इलेक्ट्रोडमधला हवेचा बुडबुडा घालवायचा. तो राहिला तर आकडा खोटाच.

पाण्यातले सगळे क्षार काढले तर आकडा शून्य होईल? नाही! 1894 मध्ये कोलराउश आणि त्यांचे सहकारी हायडवायलर यांनी पाण्याचं निर्वातात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून पाहिलं, तरी थोडी वीज जातच राहिली, कारण पाण्याचेच मोजके रेणू सतत फुटून आयन होत असतात. 25 अंशांना दर सेंटिमीटरला 0.055 मायक्रोसीमेन्स. माझ्या मीटरला एवढं बारीक दिसत नाही, पण ज्याला दिसतं असा मीटर मला बघायचाच आहे!