चाकरमान्यांची टीम

कोकणात कुणी मुंबईला गेलं तर ती बातमी नसते. कुणी मुंबईहून कायमचं परत आलं, तर मात्र चार घरी चर्चा होते! आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर प्रत्येक घरात एक तरी चाकरमानी आहे. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, आणि जाताना सोलं, कुळथाचं पीठ नि सुके बांगडे घेऊन जातो. आता तुम्ही म्हणाल, याचा फुटबॉलशी काय संबंध? सांगते. जरा धीर धरा.

आधी एक खुलासा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'त्रेपन्न' म्हटलं की अजूनही मनात आधी 'फिफ्टी थ्री' येतं. त्यामुळे मराठी विभागात माझा लेख पाहून माझ्या रूम पार्टनरला हसू आवरत नाहीये. पण शाळेने मला इंग्लिशबरोबर आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे फुटबॉल. आमच्या पी.टी.च्या सिस्टर मूळच्या गोव्याच्या. पायघोळ झगा सावरत, शिट्टी फुंकत त्या मैदानभर धावायच्या. बाकी सिंधुदुर्गात टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीचं राज्य. फुटबॉल बघायचा तर तोंड दक्षिणेकडे करायचं. कुडाळला गाडीत बसलं की दोनेक तासांत मडगाव, आणि तिथून फातोर्डा स्टेडियम हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आमची टीम कोणती? मुंबई नव्हे, एफसी गोवा!

19 फेब्रुवारी 2020 हा दिवस मी विसरणार नाही. त्या दिवशी गोव्याने जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर 5-0 हरवून इंडियन सुपर लीगमध्ये पहिला नंबर पक्का केला, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब व्हायचा मान मिळवला. मी तेव्हा आठवीत होते. वाटलं, ही टीम आता दहा वर्षं अशीच राहणार.

दहा वर्षं कसली, दहा महिनेसुद्धा राहिली नाही.

सर्जियो लोबेरा या कोचला गोव्याने जानेवारीच्या शेवटी काढलंच होतं. तो मुंबई सिटीत गेला, आणि त्याच्या पाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल, त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ह्यूगो बुमू आणि आपला मंदार राव देसाई असे चौघे गेले. कोरोसुद्धा गेला. तीन हंगामांत 48 गोल करणारा कोरो! जाहू, फॉल, बुमू एकवेळ ठीक आहेत हो, ती परदेशी मंडळी, आज इथे उद्या तिथे. पण मंदार? गोव्याचा मुलगा, टीमचा कॅप्टन राहिलेला. मी दोन दिवस धड जेवले नाही. तेव्हा बाबा जाळं विणता विणता म्हणाले, "तुझो मंदार मुंबैक गेलो तर तुका इतक्या वाईट कित्याक वाटता? आपलो अर्धो वाडो मुंबैक गेलोहा."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तेव्हापासून मला एका गोष्टीचा नाद लागला. कोण जिंकलं यापेक्षा टीम बनते कशी, हे शोधायचा.

तर मंडळी, आयएसएलमध्ये 'सॅलरी कॅप' असते. एका क्लबने एका हंगामात खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची ही वरची मर्यादा. त्या काळात ती 16.5 कोटी रुपये होती. आकडा मोठा वाटतो ना? मग हे ऐका. 2025 च्या आयपीएलसाठी एकेका टीमकडे 120 कोटी होते, आणि त्यात एकट्या ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले. म्हणजे एका पंतच्या किमतीत फुटबॉलची अख्खी टीम येते आणि वर दहा कोटी उरतात!

आता 16.5 कोटी भागिले 30 खेळाडू. सरासरी 55 लाख. पण सरासरीने टीम बनत नाही, हे आपल्याला एम-थ्रीच्या रिझल्टवरून माहीतच आहे. चार चांगले परदेशी खेळाडू निम्मे पैसे घेऊन गेले, तर उरलेल्या 26 जणांत निम्मे वाटायचे. त्यात 2020-21 च्या हंगामाचे नियम वेगळे. परदेशी जास्तीत जास्त सात, त्यांतला एक आशियाई, आणि मैदानावर एकावेळी पाचच. हे पूर्णपणे आपलं लिनिअर प्रोग्रामिंग आहे. गोल जास्तीत जास्त करायचे, आणि समोर ही अटींची रांग. फरक एवढाच की परीक्षेतल्या गणितात एक्स-वन आणि एक्स-टू रुसत नाहीत, त्यांना मुंबईहून फोन येत नाही.

गोव्याने मग काय केलं? जुन्या परदेशी खेळाडूंपैकी एदू बेदियाला ठेवलं आणि कॅप्टन केलं. कोच म्हणून हुआन फेरांदो आला. पाच परदेशी चेहरे नवे आणले. त्यांतला इगोर अंगुलो तेव्हा 36 वर्षांचा होता! मी म्हटलं, संपलं. या वयात आमच्याकडे माणसं पारावर बसून राजकारण करतात. पण त्या अंगुलोने त्या हंगामात 14 गोल मारले आणि गोल्डन बूट पटकावला. गावातल्या पोरांना, म्हणजे ब्रँडन फर्नांडिससारख्यांना, मधली जागा मिळाली. मोडलेली टीम चौथी आली आणि सेमीफायनलला पोचली. समोर कोण? मुंबई सिटी. म्हणजे आपलेच चाकरमानी! दोन सामन्यांत 2-2 अशी बरोबरी आणि मग पेनल्टीवर हार.

कोरोनामुळे त्या वर्षीची सगळी लीग गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. 13 मार्च 2021 ला मंदारच्या मुंबईने करंडक उचलला, तोसुद्धा फातोर्ड्यातच. त्यापुढचं ऐका. अंगुलो त्याच वर्षी कुठे गेला? मुंबई सिटीला. 2024 मध्ये ब्रँडन कुठे गेला? मुंबई सिटीला. मी तर म्हणते, गोव्याच्या ड्रेसिंग रूममध्ये कोकणकन्येचं वेळापत्रकच लावून ठेवावं.

मला प्रश्न पडायचा, मग कॅपचा उपयोग काय? सगळ्यांची थैली सारखी असूनही माणसं एकाच दिशेला का जातात? हळूहळू लक्षात आलं की कॅप पैशांना लागते, ओढीला लागत नाही. ओळखीचा कोच, सोबतीला जुने मित्र, मोठं नाव, जिंकायची आशा, यांना कुठली मर्यादा घालणार? मुंबई सिटीत 2019 पासून मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपचा 65 टक्के हिस्सा होता.

पण कॅप नसती तर काय झालं असतं, हे कळायला मला फुटबॉल लागला नाही. ते मी घरी पाहिलंय. आमची रापण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. पण समोरून मोठ्या पर्ससीन बोटी मासा वेढून उचलायला लागल्या तेव्हा किनाऱ्यापर्यंत काय पोचणार? पाण्याचे फेस! मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. 2016 च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनच्या परवान्यांवर, क्षेत्रावर आणि महिन्यांवर मर्यादा आणली. ती पाळली किती जाते हा वेगळा विषय, त्यावर बाबांचा वेगळा लेख होईल. पण मर्यादा कशासाठी हवी, हे आमच्या वाड्यातल्या पोराला विचारा. लहानालाही जाळं टाकायला पाणी उरावं म्हणून.

वरची मर्यादा आहे म्हणून खालची खात्री आहे, असं मात्र नाही. 2025 च्या जुलैमध्ये, फेडरेशनबरोबरचा करार डिसेंबरात संपणार म्हणून आयोजकांनी लीगच थांबवून ठेवली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. वर्ष संपेपर्यंत लीग सुरू झाली नाही, आणि डिसेंबरात तो मोठा ग्रुपही मुंबई सिटीतून बाहेर पडला. पगार किती असावा यावर आपण एवढे वाद घालतो, पण पगार मुळात यावा कुठून, हा प्रश्न आधीचा आहे. आपल्या प्लेसमेंटच्या गप्पांनाही हे लागू आहे, नाही का?

आणि आता मूळ मुद्द्यावर येते. गेल्या मे महिन्यात आमच्या घरी रोस्टरची मीटिंग झाली.

आमच्या रापणीत आमच्या घराचे दोन हात, एक बाबांचा आणि एक काकांचा. काकांच्या गुडघ्यांनी आता रजा घेतली. दादा मर्चंट नेव्हीत, सहा-सहा महिने बोटीवर. मी सुट्टीत दोर ओढते, पण सुट्टी म्हणजे हंगाम नव्हे. आणि माणसांची तर टंचाई आहे. ट्रॉलरवर नेपाळी खलाशी आहेत, वाड्यातली पोरं गोव्याच्या हॉटेलांत नाहीतर मुंबईत आहेत. पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून जाळं सुकतच राहिलं, असे दिवसही आम्ही पाहिलेत.

मी हिशेब मांडला. इंजिनिअर ना मी! म्हटलं, काकांच्या जागी रोजंदारीवर माणूस ठेवू, वर्षभराने मला नोकरी लागेल, त्याचा रोज मी पाठवीन, आपल्या घराचा वाटा शाबूत राहील. माझ्या मते बिनतोड प्लॅन होता. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकाच वाक्यात निकाल दिला.

"घरचो हात नाय तर वाटो कसलो गो?"

म्हणजे वाटा दोर ओढणाऱ्याचा, पैसे पाठवणाऱ्याचा नव्हे. मी भांडले. म्हटलं, अख्खं कोकण मनीऑर्डरवर जगलं, ते चाललं ना? बाबा म्हणाले, घर चललां, पण वाडो रिकामो झालो, तां बघलंस? मग त्यांनी काकांची जागा शेजारच्या घरातल्या एका मुलाला दिली. बारावीनंतर तो घरीच होता, दोर ओढायची त्याची इच्छा होती आणि त्याच्या घरचा वाटा आजवर नव्हता. आमच्या घरचा एक वाटा कमी झाला. आई त्या दिवशी गप्प होती. मलाही वाईट वाटलं, अजून वाटतं. मंदार गेला तेव्हापेक्षा जास्त, कारण या वेळी जाणारी मी होते.

रात्री खळ्यात बसलो होतो तेव्हा बाबा स्वतःहून म्हणाले, "जाणाऱ्याक अडवूचा नसता गो. पण त्याची जागा रिकामी ठेवची नसता."

मला वाटतं, मॅनेजमेंटच्या पुस्तकात टीम बांधणीवर आख्खा चॅप्टर असेल, त्याचं सार या दोन वाक्यांत आहे. गोव्यानेही हेच केलं. 2021-22 मध्ये ते नवव्या नंबरवर घसरले, त्यांचा कोच हंगामाच्या मध्यातच दुसऱ्या क्लबने नेला. तरी दरवेळी त्यांनी रिकामी जागा कुणाला तरी दिली. आणि मे 2025 मध्ये जमशेदपूरला 3-0 हरवून सुपर कप जिंकला. त्या टीममध्ये 2020 चे चेहरे शोधायला बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. जर्सी मात्र तीच.

मी पुढच्या वर्षी प्लेसमेंटला बसणार आहे. बहुतेक पुणे, नाहीतर मुंबई. मालवणात माझ्या ब्रँचची कंपनी नाही, हे सत्य आहे आणि त्यासाठी मला अपराधी वाटून घ्यायचं नाही. मंदारलाही मी केव्हाच माफ केलंय, त्याला त्याची गरज नव्हती तरी! मात्र इथून जाताना आपली जागा कुणाला देऊन जातो, एवढा विचार करणं आपल्या हातात आहे, असं मला वाटतं.

म्हणून जाता जाता एक सूचना. आमच्या लेडीज हॉस्टेलच्या फुटबॉल टीममधल्या पाच जणी यंदा पास आउट होत आहेत, त्यांत गोलकीपर आणि दोन्ही डिफेंडर आल्या. स्पोर्ट्स फंड नेहमीसारखाच आहे, म्हणजे दोन बॉल आणि लिंबू-सरबत. पगार शून्य, त्यामुळे कॅपचा प्रश्न नाही. फर्स्ट इयरच्या मुलींनो, आधी खेळलेलं असायची अट नाही. अंगुलो 36 व्या वर्षी आला होता, तुम्ही तर अठराच्या आहात! संध्याकाळी साडेपाचला मेसच्या मागच्या ग्राउंडवर या. बूट नसतील तर माझे आहेत, साइज पाच.