केळवलीला उतरलेलं वाक्य

“...आणि मग तिनं ती कढई परत पाठवलीच नाही,” असं म्हणत बाई उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि केळवलीला उतरून गेली. ऐकणारीही तिच्यामागोमाग उतरली. कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या गाडीत स्थानकं मोजकीच, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, की आलीच खोपोली. तेवढ्या वेळात मी त्या कढईला घरं शोधत राहिले. कढई लग्नकार्याला मागून आणलेली असेल का? ‘तिनं’ म्हणजे जावेनं, की नव्या सुनेनं? आणि भांडं ठेवून घेण्याइतकं दोन घरांत बिनसलं तरी काय?

कथा लिहू पाहणारी मुलं विचारतात, विषय आणायचा कुठून. मला वाटतं, विषय आणायला जाऊच नये. त्या बाईमागे धावत जाऊन उरलेली हकीगत विचारूही नये, विचारली तर कथेला जागा उरत नाही. मात्र वाक्य त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावं, आणि ज्या क्रमानं शब्द आले त्याच क्रमानं. त्यातला तो ‘च’ आपण नीटनेटकेपणाच्या नादात काढून टाकतो आणि बाईचा सगळा राग त्याच्याबरोबर निघून जातो.

खोपोली आली की मला कादंबरीकार र. वा. दिघे आठवतात. 1896 साली कल्याणला जन्म, कायद्याचं शिक्षण, वकिली, आणि मग ती सोडून खोपोलीजवळ शेती. ‘पाणकळा’ आली तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. उशीर झाला म्हणून कुढणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. पुढे ‘सराई’, ‘आई आहे शेतात’, ‘पड रे पाण्या’. घाटमाथ्यावरच्या तळ्यांचं पाणी नळांतून खाली आणून टाटांचं वीजघर 1915 पासून खोपोलीत चालतं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. त्याच डोंगराच्या पायथ्याशी हा माणूस आभाळाकडे डोळे लावून बसलेल्यांच्या कादंबऱ्या लिहीत होता. त्यांच्या कथानकांत अद्भुताचा भाग बराच, आणि तो मला सगळाच रुचतो असं नाही. पण त्यांना शेतातलं काम माहीत होतं. मला ज्या कादंबऱ्या आवडतात त्यांत माणसं काम करताना दिसतात.

राबाचंच घ्या. ‘शेतकरी शेतात राबत होता’ असं वाक्य शंभर कथांत सापडेल. राब कसा भाजतात ते ज्यानं पाहिलं आहे, तो असं लिहिणार नाही. माघ-फाल्गुनात ऐनाचे टहाळे तोडून सुकवायचे. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण पसरायचं, वर टहाळे, त्यावर पातेरा आणि गवत, सगळ्यावर बारीक मातीचा थर. मग वारा बघून, तो जिकडे वाहतो त्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरकते, धावत सुटत नाही. तणाचं बी जळतं, राखेनं रोपाला जोर येतो. मृगात तिथं पेरायचं, रोप वर आलं की आवणी.

आता यात किती माणसं उभी आहेत बघा. ऐन कुणाच्या बांधावरचा? भावाभावांत वाटणी झाली, जमीन मोजली, झाडाचं बोलायचं राहून गेलं. टहाळ्यांसाठी वर चढायचा तो धाकटा, आणि धाकटा आता पनवेलकडे गोदामात कामाला, रविवारीच घरी येतो. त्यामुळे राब लांबला. बैल विकले म्हणून शेण मागून आणावं लागतं, आणि मागायला जायचं ते नेमकं ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्या दारात. मातीचा थर थोरलीनं घाईत पातळ टाकला, आग पळाली, शेजारची गवताची उडवी गेली. पुढच्या वर्षी शेजाऱ्यानं जमीन फार्महाऊसवाल्याला दिली आणि ऐन कुंपणाच्या आत गेला. यातलं मला काही जुळवून आणावं लागलं नाही. कामाची पुढची पायरी कोणती एवढं ठाऊक होतं, त्या पायरीवर कोण उभं असेल ते दिसत गेलं. कथा अडली की म्हणूनच मी नवशिक्यांना सांगते, पात्राच्या मनात शिरायची घाई करू नका, आधी त्याच्या हाताला काम द्या.

कर्जतला पुण्याकडच्या गाड्या थांबतात त्या बँकर, म्हणजे घाटापुरतं जादा इंजिन, लावायला. 1863 पासून गाड्या कर्जतपुढचा घाट चढतात. 37 फुटांमागे एक फूट असा चढ, तो एका इंजिनाला पेलत नाही. बँकर जोडतात तो गाडीच्या मागे, आणि लोणावळ्याला काढून घेतात. आपल्या लिखाणाचा पहिला वाचक असा असावा. दिशा आपली, रेटा त्याचा, आणि चढ संपला की त्यानं बाजूला व्हावं. पुढे लागणारे मार्गदर्शक पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकून कितीजणांनी आपल्या आजीची बोली संवादांतून पुसून टाकली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट न लिहिण्याबद्दल. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वस्ती, गाडीरस्ता नाही, मदतीला निघालेली माणसं पावसात डोंगर चढून वर पोचली. अशा रात्रीवर बाहेरच्या माणसानं लगेच कथा लिहू नये असं माझं ठाम मत आहे. बातमी लिहावी, अहवाल लिहावा, सरकारला प्रश्न विचारावेत. कथेसाठी मेलेल्या माणसाच्या मनात शिरावं लागतं, आणि तिथं जायचा हक्क नुसत्या हळहळीनं मिळत नाही. ती कथा त्या वस्तीतल्याच एखाद्या मुलानं किंवा मुलीनं लिहावी, वीस वर्षांनी लिहिली तरी चालेल. दरडीपासून सुरुवात केलीच पाहिजे असंही नाही. आधी वाडीतला एखादा साधा दिवस लिहावा, पाणी कुठून आणायचे, कोण कुणावर रुसलं होतं, कुणाची कोंबडी कुणाच्या घरात अंडी घालायची. ठाकरी बोलीत लिहावं. प्रमाण मराठीत आणून देणारे संपादक नंतर मिळतील. तोवर कोऱ्या वह्या, आणि लिहिलेलं मन लावून वाचणारं एक माणूस, एवढं आपल्यासारख्यांनी पुरवावं.